जुन्या टेपवरील माहिती लिनक्सवर कशी वाचावी?

कार्यालयातील कपाटात पडून असलेली चुंबकीय टेप हा कित्येकदा एखाद्या संस्थेच्या हिशेबांचा किंवा संशोधनाचा शेवटचा पुरावा असतो. १९८९ मध्ये आलेल्या 'डीडीएस' टेप १९९० च्या दशकात माहितीचा बॅकअप घेण्यासाठी सर्रास वापरल्या जात. त्या वाचणाऱ्या ड्राइव्हचे उत्पादन आता बंद झाले आहे. मात्र जुना ड्राइव्ह चालू स्थितीत असल्यास लिनक्सच्या साहाय्याने ही माहिती वाचवता येते.

युनिक्स आणि टेप यांचे नाते जुने आहे. १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आलेल्या 'टार' आज्ञेचे नावच 'टेप आर्काइव्ह' या शब्दांवरून पडले. स्कझी जोडणीच्या टेप ड्राइव्हसाठीचा 'एसटी' ड्रायव्हर आजही लिनक्समध्ये आहे. फ्लॉपीच्या जोडणीवर चालणाऱ्या स्वस्त ड्राइव्हचा 'एफटेप' ड्रायव्हर मात्र २००७ मध्ये वगळण्यात आला.

जोडणी

नव्या संगणकांत समांतर स्कझीची सोय नसल्याने वेगळे कार्ड बसवावे लागते. स्कझी साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा आणि प्रत्येक उपकरणाचा क्रमांक वेगळा हवा. संगणकाआधी ड्राइव्ह सुरू करावा. 'एमटी स्टेटस' ही आज्ञा दिल्यावर ड्राइव्हची स्थिती कळते.

खरा धोका

लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला दोन नावे असतात. 'एसटी०' वापरल्यास काम संपताच टेप आरंभाला गुंडाळली जाते. 'एनएसटी०' वापरल्यास ती आहे तेथेच थांबते. हा फरक लक्षात न घेता 'एसटी०' वर लागोपाठ दोन बॅकअप घेतल्यास दुसरा पहिल्यावरच लिहिला जातो. टेपच्या आरंभी चुकून थोडासा मजकूर लिहिला गेला, तरी त्यापुढील जुनी माहिती ड्राइव्हला सहसा वाचता येत नाही. म्हणून टेप आत घालण्यापूर्वी कॅसेटवरील लेखनबंदीची खाच तपासणे अत्यावश्यक ठरते.

आधी प्रत, मग शोध

प्रथम बिनमहत्त्वाच्या टेपवर ड्राइव्हची चाचणी घ्यावी. शक्य असल्यास ज्या ड्राइव्हवर टेप लिहिली गेली तोच वापरावा. वाचनशीर्ष किंचित सरकलेल्या ड्राइव्हवरील टेप दुसरीकडे वाचली जाईलच असे नाही. त्यानंतर 'एनएसटी०' वरून 'डीडी' आज्ञेने संपूर्ण टेपची प्रत हार्ड डिस्कवर घ्यावी. एका टेपवर अनेक फाइल असू शकतात आणि प्रत्येक फाइलच्या शेवटी 'डीडी' थांबते. त्यामुळे टेप संपेपर्यंत ती पुन्हा पुन्हा चालवावी लागते. वाचताना ब्लॉकचा आकार पुरेसा मोठा द्यावा. 'टार'चा नेहमीचा ब्लॉक १०,२४० बाइटचा असतो.

जुन्या ड्राइव्हमधील रबरी रोलर चिकट होतात, काही कॅसेटमधील पट्टे तुटतात. अशा वेळी वारंवार प्रयत्न केल्यास टेपच फाटण्याची भीती असते. 'टार'ने फाइल उलगडणे, हवे ते शोधणे ही सारी कामे डिस्कवरील प्रतीवरच करावीत. जीर्ण टेप वाचण्याची संधी कदाचित एकदाच मिळते.