सतरावी प्रतिज्ञा आणि 1951 चा जाहीरनामा

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी, दारू न पिण्याची, आपल्या पोरांना पाठ असते. त्यावरून ‘बाबासाहेब सरकारी दारूबंदीच्या बाजूचे होते’ असे भाषणांत सर्रास ठोकून दिले जाते. इतिहास तसे सांगत नाही.

मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, एप्रिल 1950 पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. पुढच्याच वर्षी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात बाबासाहेबांनी या धोरणाला कडाडून विरोध केला. महसूल बुडतो, पोलिसांवरचा खर्च वाढतो, हे मुद्दे होतेच. पण मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच. आधी दारू घराबाहेर मिळे आणि ती पुरुष पीत. बंदीने ती घरात गाळली जाऊ लागली आणि बायका-मुलांपर्यंत पोचली, असे जाहीरनाम्यात मांडले होते. दारूचा प्रश्न स्त्रीच्या बाजूने असा त्या काळी किती पुढाऱ्यांनी पाहिला?

मुंबईने पुढे हेच पाहिले. हातभट्ट्या वाढल्या, अनेक अड्डे बायकाच चालवत. ‘आंटीचा अड्डा’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. पिणारा बहुतेक पुरुष, धाडीत सापडणारी बाई.

आजही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दारू पितो म्हणणारे पुरुष सुमारे 19 टक्के, स्त्रिया जेमतेम 1 टक्का. सांगणाऱ्या बाईची अब्रू जाते, म्हणून खरा आकडा जास्तच असणार. शिवाय तेवढीच दारू बाईच्या शरीराला जास्त बाधते, कारण शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असते. आणि न पिणारीही सुटत नाही. जून 2015 मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मागे विधवांना घर ओढावे लागले.

तरी मरोळच्या वस्तीत व्यसनमुक्तीची बैठक लावली की समोर बायकाच बसतात. ज्याने ऐकायचे तो नाक्यावर. बैठक नाक्यावरच का नेऊ नये? प्रतिज्ञा तर त्यानेही घेतली आहे.

2008 च्या शासन आदेशाने प्रभागातल्या स्त्रियांना मतदानाने दुकान बंद करण्याचा मार्ग दिला, ‘आडवी बाटली’. मात्र त्या आदेशात नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतांची अट होती, म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच बाजूला मोजली जाई. आणि हे मतदान परवानाधारक दुकानापुरतेच. मालवणीतल्या अड्ड्याला परवाना नव्हताच.