कण्हेर आणि सिकंदराची खेचरे

राजस्थान-पंजाबकडच्या माझ्या पोस्टिंगमध्ये मेसच्या आवारात कण्हेरीचे कुंपण हमखास दिसले. पाणी कमी लागते, फुले भरपूर येतात आणि गुरे तोंड लावत नाहीत, म्हणून माळ्यांना ती आवडते. पण गुरे तोंड लावत नाहीत ती कुठली, हे लष्करी इतिहासात पाहण्यासारखे आहे.

इ. स. पू. ३२५ मध्ये सिकंदर सिंधूच्या मुखाकडून गेड्रोशियामार्गे, म्हणजे आजच्या बलुचिस्तानातल्या मकरानमधून, परत निघाला. तहान आणि उपासमारीने त्या सैन्याची काय दशा झाली, हे आपल्यापैकी अनेकांनी वाचले आहे. त्या हालांत एका झुडपाचाही वाटा होता. स्ट्रॅबो लिहितो की, लॉरेलसारख्या पानांचे ते झुडूप खाल्लेली ओझ्याची जनावरे तोंडाला फेस येऊन, फेफरे आल्यासारखी मरत. सिकंदराचा समकालीन थिओफ्रास्टस यानेही अशीच नोंद केली आहे. प्लिनी तर म्हणतो, या झुडपापायी सिकंदराचे घोडदळच हातचे जायची वेळ आली होती. वर्णनावरून ते झुडूप कण्हेर असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

मग त्या मुलखातली शेळ्या-मेंढ्या कशा जगत होत्या? याचे उत्तर पुढे सोळाशे वर्षांनी मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात सापडते. चीनच्या वायव्येकडील सुचौच्या डोंगरांबद्दल तो सांगतो की, तिथले एक विषारी झाड खाल्ले की जनावरांचे खूर गळतात, म्हणून प्रवासी तिथलीच जनावरे नेतात. स्थानिक जनावरे ते झाड ओळखतात आणि टाळतात. बाहेरून आलेल्या, दमलेल्या, भुकेल्या जनावराला ही ओळख नसते. फौजेचे जनावर नेहमी असेच असते.

कण्हेरीचे विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालते. घोड्याला मूठभर पानेही पुरतात. हिरवे पान कडू असल्याने जनावर सहसा थुंकते. वाळल्यावर कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसेच राहते. म्हणजे खरा धोका उभ्या कुंपणापेक्षा छाटलेल्या फांद्यांच्या ढिगाचा. घाणेरीचेही तसेच. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या राजवटीत ती बागेची शोभा म्हणून इथे आली आणि रानभर पसरली. तिने यकृत बिघडते, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. दुष्काळात दुसरीकडून आणलेली गुरेच तिला जास्त बळी पडतात.

निरीक्षणापूर्वी आपण फटीग पार्टी लावून कुंपणे छाटतो आणि कचरा कुठेतरी मागे टाकतो. तो ढीग खेचरांच्या लाईनपासून, गावच्या गुरांच्या वाटेपासून लांब, खड्ड्यात पुरावा. जाळायचा विचारही नको, धूरही विषारी असतो. नव्या ठिकाणी जनावरे उतरवली की आधी पोटभर चारा द्यावा आणि चरायला सोडण्यापूर्वी तिथल्या गुराख्याला विचारावे. नकाशात ही माहिती नसते.