आमचं बाराखडीतलं घराणं

कोणाचे घराणे देशावरचे असते, कोणाचे कोकणातले. आमचे घराणे इंग्रजी बाराखडीतले. आजोबा रत्नागिरीहून बोटीने आले आणि 'डी' वॉर्डात, म्हणजे गिरगावात, स्थिरावले. बाबा तिथेच जन्मले. लग्नानंतर त्यांनी 'जी'त, म्हणजे दादरला, बिऱ्हाड केले. मी 'जी'तला. आणि १९८४ साली कर्ज काढून मी सगळ्यांना 'आर'मध्ये, बोरिवलीला, आणून टाकले.

मुंबई महापालिकेच्या वॉर्डांची ही अक्षरे मोठी मजेशीर आहेत. 'ए'त कुलाबा-फोर्ट, 'बी'त मांडवी-डोंगरी, 'ई'त भायखळा असे करत साहेबाची मुंबई 'जी'पर्यंत संपत असे. पुढे शहर वाढले, अक्षरे वाढली. पण 'आय', 'जे', 'ओ' आणि 'क्यू' ही चार मधूनच वगळली गेली. 'क्यू' नावाचा वॉर्ड नसला म्हणून काय झाले? आमच्या चाळीत तो रोज पहाटे चार वाजता नळावर भरायचा!

आता माणसे उत्तरेकडे सरकली कशी? त्याला बराचसा कारणीभूत उंदीर. सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. शहरात हाहाकार उडाला, लाखो माणसे मुंबई सोडून पळाली. दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या वस्त्या सरकारच्या डोळ्यांवर आल्या त्या तेव्हा. १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, आणि त्याने पुढे दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांच्या नव्या वस्त्या आखल्या. हा इतिहास मी एकदा आजीला ऐकवला. ती म्हणाली, "लोकांना उंदरानं हलवलं असेल. आम्हांला सुनेनं हलवलं." आई स्वयंपाकघरात होती. पुढचा इतिहास मी वगळतो.

१९५०मध्ये उपनगरे मुंबईत घेतली, १९५७मध्ये हद्द दहिसर-मुलुंडला नेली. त्यामुळे बोरिवलीला मुंबई मानायला बाबा शेवटपर्यंत तयार नव्हते. "अरे, ती मुंबईत आली तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो!" म्हणायचे. दर गणपतीत धोतर नेसून चर्नी रोडचे तिकीट काढायचे. केशवजी नाईकांच्या चाळीतला १८९३पासूनचा गणपती पाहून, जुन्या बिऱ्हाडाच्या दारापर्यंत जाऊन यायचे. आत कधी गेले नाहीत. कुठे गेला होतात विचारले तर म्हणायचे, "गावाला."

२००४मध्ये बाबा गेले. मृत्यूचा दाखला 'आर'चा मिळाला. तो ठेवायला त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तर सगळ्यात खाली जन्माचा दाखला. 'डी' वॉर्ड. घडीवर फाटला होता, म्हणून मागून खळीने पातळ कागद चिकटवलेला. दोन्ही एकाच पाकिटात घातले. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर वर्षांत माणूस लोकलच्या तासाभराच्या अंतरावर पोचला होता.

आता मुलाने 'टी'च्याही पलीकडे, डोंबिवलीला जागा घेतली आहे. तिथल्या पालिकेनेही प्रभागांना अक्षरेच दिली आहेत, नशीब आमचे! परवा नातवाला शाळेत मूळ गावाचे नाव लिहायचे होते.

"आजोबा, आपलं गाव कोणतं?"

रत्नागिरी म्हणणार होतो, पण तोंडून निघून गेले, "डी."

"म्हणजे डोंबिवलीच ना?" म्हणत त्याने लिहूनसुद्धा टाकले.