यवतमाळ जिल्ह्यातील मोटार अपघात भरपाई व दाव्याचा खर्च : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मोटार अपघातातील जखमीस पूर्वी भरपाईसाठी दिवाणी दावा लावावा लागे व मागणीच्या रकमेनुसार न्यायालयीन शुल्क आधीच भरावे लागे. ज्याची मिळकत बुडाली त्यानेच प्रथम पैसा उभा करावा, असा हा विचित्र न्याय होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन राज्यांना दावा न्यायाधिकरणे स्थापण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला.

तथापि खर्च केवळ शुल्काचा नव्हता. १९८८ च्या कायद्यानेही अर्ज अपघातस्थळाच्या न्यायाधिकरणाकडेच करावा लागे. परजिल्ह्यात कामास गेलेल्या उमरखेड वा केळापूरच्या मजुरास प्रत्येक तारखेचा प्रवासखर्च व बुडालेली मजुरी सोसावी लागे. १९९४ च्या दुरुस्तीने अर्जदाराच्या निवासक्षेत्रात अर्ज करण्याची सोय झाली. गरिबाच्या दृष्टीने, प्रस्तुत लेखकाच्या मते, हीच सर्वांत मोलाची सुधारणा होय.

वकिलाचे शुल्क मात्र उरलेच. भरपाईत वाटा ठरविण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आदींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. उर्वरितांना उत्पन्न मर्यादेत असल्याचे दाखवावे लागते.