पूर्वरूपाचा भ्रम : रॉनी जेम्स डिओच्या आरंभीच्या तबकड्या

हेवी मेटलच्या इतिहासात रॉनी जेम्स डिओ (१९४२–२०१०) हे नाव ‘रेनबो’, ‘ब्लॅक सॅबथ’ आणि ‘डिओ’ या तीन वाद्यवृंदांशी जोडलेले आहे. १९७५ पूर्वीची सुमारे सतरा वर्षे या इतिहासात तळटीपेपुरती उरतात. ती तळटीप बहुधा दोन रीतींनी वाचली जाते : एक तर तरुणपणीचा पोरकटपणा म्हणून, नाहीतर पुढील महानतेची चाहूल म्हणून. वरकरणी परस्परविरोधी असलेल्या या दोन्ही वाचनांच्या मुळाशी गृहीतक मात्र एकच आहे. शेवट आधी ठाऊक असल्यामुळे आरंभाला ‘आरंभ’ म्हटले जाते.

तबकड्या स्वतः काय सांगतात? न्यूयॉर्क राज्यातील कॉर्टलंड या गावी वाढलेल्या रोनाल्ड पॅडव्होनाचे पहिले वाद्य ट्रम्पेट. वडिलांच्या आग्रहाने ते त्याने पाचव्या वर्षापासून शिकायला घेतले. १९५८ साली ‘रॉनी अँड द रेड कॅप्स’ची पहिली तबकडी निघाली. तिच्या एका बाजूवरील ‘लव्हर’ हे गीत दुसऱ्याच गायकाने म्हटले आहे. दुसरीकडील ‘कॉन्क्वेस्ट’ ही निव्वळ वाद्यरचना असून तीत पॅडव्होना ट्रम्पेट वाजवतो. म्हणजे पुढे ज्याची सारी ख्याती कंठावर उभी राहिली, त्याच्या पहिल्या मुद्रणात त्याचा कंठच नाही; आहे तो केवळ श्वास. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण गायनाचे शिक्षण न घेतलेल्या डिओने आपल्या गळ्याच्या ताकदीचे श्रेय पुढे याच वाद्याने लावलेल्या श्वसनाच्या शिस्तीला दिले. १९६० च्या ‘ॲन एंजल इज मिसिंग’मध्ये तो आवाज प्रथम ऐकू येतो, आणि तो त्या काळच्या किशोरवयीन प्रेमगीतांचा रूढ, मुलायम आवाज आहे. त्यात भावी मेटल शोधणे म्हणजे बीजात लाकूड मोजणे होय. मुळात १९६० मध्ये हेवी मेटल नावाचा प्रकारच अस्तित्वात नव्हता.

‘रॉनी डिओ अँड द प्रॉफेट्स’ या नावाने १९६७ पर्यंत निघालेल्या तबकड्यांमागे बाजाराचे गणित स्पष्ट दिसते. स्वान, कॅप, पार्कवे अशा कंपन्या बदलत जातात आणि त्यांबरोबर गीतांची धाटणीही. १९६३ चा ‘डिओ ॲट डॉमिनोज’ हा कॉर्टलंडमधील एका कार्यक्रमात मुद्रित झालेला संग्रह त्या दृष्टीने अधिक बोलका आहे. त्यात मुख्यतः इतरांची लोकप्रिय गाणी आहेत. नाचायला आलेल्या श्रोत्यांपर्यंत प्रत्येक शब्द पोचवणे हे अशा गायकाचे रोजचे काम असे. ‘रायझिंग’ (१९७६) किंवा ‘हेवन अँड हेल’ (१९८०) मधील गायनात विजेच्या गिटारांच्या गदारोळातही अक्षर न् अक्षर उमटते. ही सुस्पष्टता त्या प्रकारातील अनेक गायकांना साधलेली नाही आणि ती मेटलच्या सौंदर्यशास्त्रातून आलेली नाही. पॉपला कृत्रिम आणि स्वतःला अस्सल मानणाऱ्या मेटलच्या आत्मप्रतिमेला ही गोष्ट अडचणीची आहे.

कर्तृत्वाचा प्रश्नही येथे गुंतलेला आहे. ‘डिओ’ हे नाव एका कुप्रसिद्ध गुन्हेगाराच्या नावावरून उचललेले. इटालियनमध्ये त्याचा अर्थ मात्र ‘देव’. १९६७ मध्ये प्रॉफेट्सचे ‘इलेक्ट्रिक एल्व्ह्ज’ झाले. पुढल्याच वर्षी मोटार अपघातात त्यांचा गिटारवादक मरण पावला. अखेर ‘एल्फ’ या नावाने १९७२ मध्ये पहिला संग्रह निघाला. ‘डीप पर्पल’च्या रॉजर ग्लोव्हर व इयन पेस यांनी निर्मिलेल्या या पियानोप्रधान रॉक संग्रहावर गायकाचे नाव ‘रोनाल्ड पॅडव्होना’ असे छापले आहे. एकदा तरी घराण्याचे नाव आईवडिलांना तबकडीवर दिसावे, एवढाच त्यामागील हेतू होता. ज्या टप्प्याला चरित्रकार ‘खऱ्या डिओच्या जवळचा’ म्हणतात, नेमक्या त्याच टप्प्यावर ‘डिओ’ हे नाव अनुपस्थित आहे. तीन वर्षांनी रिची ब्लॅकमोरने गिटारवादक वगळून ‘एल्फ’चा सारा संच ‘रेनबो’साठी उचलला, आणि मेटलच्या त्या पहिल्या संग्रहावर गाणारा माणूस तोवर तेहतीस वर्षांचा होत आला होता.