पोळं, चिखल आणि एक स्टेशन

मुंबईत विमान पकडायचं असलं की आपण आधी आकाश बघत नाही, मॅपवरचा लाल रंग बघतो. उड्डाण तासाभराचं आणि टॅक्सी दीड तासाची, हे आपल्या अंगवळणी पडलंय. विमान आलं, टर्मिनल आलं. प्रवासी तिथवर कसा येणार, हा प्रश्न मागाहून. पण एका माणसाने हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला होता, तोही १९३० च्या दशकात.

लंडनच्या दक्षिणेला साधारण ४५ किलोमीटरवर गॅटविक आहे. तेव्हा तिथे एक घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होतं आणि शेजारी गवताची धावपट्टी. १८४१ पासून लंडन-ब्रायटन रेल्वे तिथूनच धावायची. १९३३ मध्ये मॉरिस जॅकमन या बिल्डरच्या मुलाने ती धावपट्टी विकत घेतली. टर्मिनल कसं असावं, याचा तो रात्र-रात्र विचार करायचा. किस्सा असा सांगतात की वडील वैतागून म्हणाले, नुसता गोल गोल फिरतोयस, झोप आता. जॅकमनने त्यातला 'गोल' उचलला!

त्याने गोल इमारत बांधली. गोल इमारतीला मागची बाजू नसते, त्यामुळे विमानं चहूबाजूंनी लावता येतात. दारांतून रुळांवर सरकणारे छत असलेले मार्ग थेट विमानापर्यंत जायचे. प्रवासी पावसात भिजायचा नाही. लोक त्या इमारतीला 'बीहाइव्ह', म्हणजे मधमाश्यांचं पोळं म्हणू लागले.

पण खरी कमाल जमिनीखाली होती. सप्टेंबर १९३५ मध्ये रेल्वेने जवळच टिन्सली ग्रीन नावाचं स्टेशन उघडलं. पुढच्या जूनमध्ये त्याचं नाव 'गॅटविक एअरपोर्ट' झालं. स्टेशन ते टर्मिनल सुमारे १२० मीटरचा भुयारी मार्ग. मे १९३६ मध्ये पॅरिसचं पहिलं विमान सुटलं. तिकीट ४ पौंड ५ शिलिंग, आणि त्यातच लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनपासूनचं फर्स्ट क्लासचं रेल्वेभाडंही धरलेलं. घरापासून पॅरिसपर्यंतचा प्रवास एकच आहे, असं मानून केलेली ही रचना होती.

मग चिखलाने घात केला. गवताच्या धावपट्टीवर पाणी साचायचं. १९३७ मध्ये मुख्य विमान कंपनी तिथून निघून गेली. पुढे युद्ध आलं, विमानं मोठी झाली आणि ते देखणं पोळं लहान पडलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण १९५० च्या दशकात सरकारने गॅटविक नव्याने बांधायला घेतलं, तेव्हा काय ठेवलं आणि काय टाकलं, ते बघा. गोल इमारत टाकली. गवताची धावपट्टी टाकली. रेल्वेची जोड मात्र ठेवली. शर्यतींच्या मैदानासाठी एक जुनं स्टेशन होतं, त्याच जागी नवं स्टेशन बांधून ते नव्या टर्मिनलला जोडलं. १९५८ मध्ये दोन्ही सुरू झाले आणि टिन्सली ग्रीनचं स्टेशन बंद पडलं. आज पोळ्याची इमारत संरक्षित वारसा आहे, पण तिथून कुणी विमानात चढत नाही. स्टेशनात मात्र गाड्यांची रीघ असते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो. आतला कोड दर काही वर्षांनी फेकून नवा लिहिला जातो; दोन प्रणालींमधला सांधा नीट बांधलेला असेल, तर तो टिकतो.

आता मुंबईकडे या. पार्ल्याच्या लोकलचे रूळ टी-१ पासून फार लांब नाहीत. पण मध्ये हायवे, हातात बॅगा आणि पुढे रिक्षावाल्याची मर्जी. दोन्ही टर्मिनलांना स्वतःचं स्टेशन मिळालं ते थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये, मेट्रो ३ मुळे. मध्यरात्रीच्या विमानाला तिचाही उपयोग नाही, कारण तेव्हा मेट्रो बंद असते.

हा प्रश्न फक्त उडणाऱ्यांचा नाही. विमानतळावर झाडलोट करणारे, सामान चढवणारे, काउंटरवर उभे राहणारे वर्षातून दोनदा नाही, रोज तिथे जातात. त्यांच्यासाठी टॅक्सी हा पर्यायच नसतो. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या नव्या विमानतळाचे चकचकीत फोटो फॉरवर्ड होऊन आले, तर छताची नक्षी बघाच. पण आधी स्टेशन कुठे आहे ते शोधा.