चाळिशीपासून लेसरपर्यंत

आपल्या भाषेंत चष्म्यास 'चाळिशी' असें एक जुनें नांव आहे. हा शब्द कोणा पंडितानें घडविलेला नाहीं. चाळिशीच्या सुमारास पोथी हातभर दूर धरावी लागते, हा घरोघरींचा अनुभव त्यांत उतरला आहे. आज आपल्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील तरुण 'लेसरनें चष्मा जातो काय?' असें विचारतात, तेव्हां प्रथम याच शब्दाकडे बोट दाखवावेंसें वाटतें. चाळिशींत डोळ्याच्या आंतलें भिंग ताठर होतें. लेसर काम करतो तो बाहेरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे पारपटलावर. तेव्हां पंचविशींत लांबचा चष्मा टाकलेल्या मनुष्यासही पुढें वाचावयास बहुधा चष्मा घ्यावाच लागतो.

डोळ्यास शस्त्र लावणें आपल्याकडे नवें नाहीं. सळईनें मोतीबिंदु बाजूस सारण्याची कृति सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत आहे, आणि तींच सळई घेऊन गांवोगांव हिंडणारे लोक गेल्या शतकापर्यंत होते. सळई लागतांच रोग्यास हाताचीं बोटें दिसत, घरचीं माणसें हर्षानें पैसे देत. पुढें डोळा सुजून कित्येकांची दृष्टि कायमची जाई, पण तोंवर तो मनुष्य दुसऱ्या गांवीं पोहोंचलेला असे. मुंबईस १८६६ सालीं सर कावसजी जहांगीर नेत्ररुग्णालय सुरू झालें, आणि १८७८ मध्यें दौंड-मनमाड लोहमार्ग नगरावरून गेला. माझ्या मतें रुग्णालयाचा मोठा गुण हत्यारांत नव्हता. तेथें रोगी पुन्हा तपासला जाई, व बिघडलें तर कोणास विचारावें हें त्यास ठाऊक असे.

चष्मा घालविण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास याच कसोटीवर पाहावा. टोकियोचे डॉ. त्सुतोमु सातो यांनीं १९३९ च्या सुमारास व त्यानंतर पारपटलास आंतून व बाहेरून चिरा देऊन त्याचा आकार बदलण्याचा प्रयत्न केला. नंबर उतरला, लोक संतुष्ट झाले. परंतु पारपटलाच्या आंतल्या अंगास पेशींचा एक अति पातळ थर असतो. तो पडद्यांतलें पाणी सतत बाहेर टाकतो, आणि एकदां नष्ट झाला कीं पुन्हा उत्पन्न होत नाहीं. त्याचें हें महत्त्व त्या काळीं कळलेलें नव्हतें. पुढें वर्षें लोटल्यावर त्यांपैकीं अनेक रोग्यांचीं पारपटलें गढूळ झालीं. सातो कांहीं भोंदू नव्हते. त्यांस फळ दिसावयास जितका काळ हवा होता, तितका काळ गेलेला नव्हता, एवढेंच.

लेसरचा या कामीं उपयोग होण्यास मद्रासेंत जन्मलेले एक शास्त्रज्ञ कारण झाले, हें आपल्या मुलांस सांगण्याजोगें आहे. रंगस्वामी श्रीनिवासन यांनीं अमेरिकेंत १९८१ मध्यें, सणाच्या जेवणांतून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर, एक्सायमर लेसरचे किरण सोडले. कडा न करपतां स्वच्छ छेद पडला. डॉ. ट्रोकेल यांच्यासह त्यांनीं १९८३ मध्यें पारपटलावरील प्रयोग प्रसिद्ध केले. आणि १९९० च्या सुमारास ग्रीसचे डॉ. पॅलिकॅरिस यांनीं पारपटलाचा पापुद्रा उचलून त्याखालीं लेसर चालविण्याची रीत काढली. तीच आजची लॅसिक.

आतां थोडें गणित. जुन्या मास्तरास तेवढी मुभा असावी. पारपटलाची जाडी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् अधिक. पापुद्र्यास ११० गेले, आणि दर एका नंबरामागें सुमारें १४ जातात असें धरलें, तर ५ नंबरास ७० जाऊन खालीं ३६० उरतात. पण पारपटल मुळांत ४८० चें आणि नंबर ९ असेल, तर उरतात अवघे २४४. आणि निदान २५० तरी राहावेत असा सर्वसाधारण दंडक आहे. येथें डॉक्टर 'नको' म्हणाले, तर दुसरें दुकान शोधूं नये. कमकुवत पारपटल शस्त्रक्रियेनंतर पुढें फुगत जातें, हें १९९८ मध्यें डॉ. झायलर यांनीं नोंदलें. डोळे फार चोळण्याची संवय असल्यास तीही डॉक्टरांस सांगावी.

अठरा वर्षें पुरीं होऊन नंबर निदान वर्षभर स्थिर असावा; तपासणीपूर्वीं स्पर्शभिंगें डॉक्टर सांगतील तितके दिवस काढून ठेवावीं; गर्भारपणीं थांबावें. नंतर कांहीं महिने डोळे कोरडे वाटतात, रात्रीं दिव्यांभोवतीं वलयें दिसतात; थोड्यांस तीं पुढेंही राहतात. मोठ्या नंबराच्या डोळ्याचा आंतला पडदा नाजुक असतो. चष्मा गेला तरी तो तसाच राहतो, म्हणून त्याची तपासणी चालू ठेवावी लागते. सैन्य वा पोलिसांत जाऊं इच्छिणाऱ्यांनीं त्या त्या खात्याचा चालू नियम आधींच लेखी पाहावा. सर्वांचे नियम एक नसतात.

शस्त्रक्रियेपूर्वींच्या मापांचे कागद मात्र घरच्या दस्तऐवजांबरोबर जपून ठेवावे. तीस-चाळीस वर्षांनीं मोतीबिंदु झाला, म्हणजे आंत बसवावयाच्या भिंगाचा हिशेब लेसर झालेल्या डोळ्यांत सहज चुकतो, आणि त्या वेळच्या डॉक्टरास हे जुने आंकडे लागतात.